पंधरावी प्रत

आई,

आज रविवार, २ एप्रिल १९८९, सकाळचे पावणेदहा. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मी तुझ्या सायक्लोस्टाइल मशीनसमोर बसलो आहे. कागद उडतात म्हणून पंखा बंद आहे आणि घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून कपाळाला तुझ्यासारखाच पंचा बांधला आहे. मशीन नीट छापत नाही. पानाचा वरचा भाग स्वच्छ येतो, खालचाही येतो, पण मधोमध चार बोटांचा एक पट्टा फिकट येतो. सातवीच्या भूगोलाचा पेपर आहे. तिसरा प्रश्न दिसतो, सहावा दिसतो, चौथा आणि पाचवा असून नसल्यासारखे. आज आत्तापर्यंत अकरा प्रती खराब झाल्या. दोनदा मोजल्या आणि उशीखाली ठेवल्या.

काम आपल्या शाळेचं आहे. तुला नवल वाटेल. मी स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात बसतो, तिथे महिन्यापूर्वी शाळेच्या मोठ्या बाई एक दाखला टाइप करायला आल्या. केस पांढरे झालेत, आवाज तोच. कागद हातात घेऊन त्यांनी खालपर्यंत वाचला, एकही चूक सापडली नाही, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू त्यांचा मुलगा ना रे? मशीन आहे का अजून?" मी आहे म्हणालो. वार्षिक परीक्षेचे पेपर त्यांनी माझ्यावर सोपवले. मंगळवारी द्यायचे आहेत. त्या दिवशी पेपर त्यांच्या हातात ठेवायच्या आधी मी त्यांना ते सांगणार आहे, जे मी तुला सांगितलं नाही. सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

मशीन दहा वर्षं खाटेखाली होतं, तुझ्या हिरव्या पातळात गुंडाळलेलं. बाहेर काढलं तेव्हा तुझी पद्धत आठवली. तू म्हणायचीस, "एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर कुठल्यानं सुधारलं ते देवालाही कळायचं नाही." म्हणून आधी कागद बदलला, पट्टा तसाच. मग शाईची नवी ट्यूब, तसाच. मग स्टेन्सिलचा मेणकागद, म्हणजे स्टेन्सिल, उजेडात धरून पाहिली, अक्षरं नीट कापली गेली होती. तरी टाइपरायटरवर नवी कापली, रिबन बाजूला सारून, एकेक कळ सारख्या जोरानं दाबून. पट्टा तसाच. मी घाबरून हँडल जोरात फिरवू लागलो आणि तुझा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, "ऊस पिळतोस काय रे मेल्या? रस नाय निघायचा त्यातून!" तेव्हा मी हसायचो. आठवीत असेन. बाबा गेल्यावर गिरणीतून त्यांचे जे पैसे आले त्यांत तू हे मशीन जुनं घेतलंस, मराठी टायपिंग शिकलीस, आणि दोन वर्षांत शाळेचे पेपर फक्त तुझ्याकडे यायला लागले. तुझ्या तोंडाला कुलूप आहे असं बाई म्हणायच्या.

तुझे नियम मला पाठ आहेत. दार लावायचं. माझ्या इयत्तेचा पेपर असला की मी गॅलरीत जायचं, पाऊस असो की ऊन. खराब प्रती मोजून वहीत आकडा लिहायचा आणि घमेल्यात जाळायच्या. जळलेल्या कागदावरही अक्षरं वाचता येतात, म्हणून राख हातानं चुरडायची आणि वर पाणी ओतायचं. परवा आधीच्या खराब प्रतींचं मी तेच करत होतो तर शेजारच्या काकू डोकावल्या. "काय रे, होळी होऊन गेली की! तू अजून पेटवतोसच?" मी म्हटलं, "काकू, ऑफिसचे कागद आहेत." त्या म्हणाल्या, "अगदी आईवर गेलास. तिचापण चूल पेटायच्या आधी घमेला पेटायचा." मी आत येऊन दार लावलं.

तुझ्यावर गेलो नाही मी.

नववीची वार्षिक परीक्षा होती. बीजगणित मला येत नव्हतं. येत नव्हतं यापेक्षा मला त्याची भीती होती. रात्री पोटात दुखायचं आणि तू ओवा द्यायचीस. त्या सकाळी तू माझ्याच इयत्तेचा पेपर छापते आहेस आणि मी गॅलरीत उभा आहे. नळाला पाणी आल्याची ओरड होते. तू कळशी घेऊन बाहेर पडतेस, जाताना मला सांगतेस, "दारात उभा राहा, कुणाला आत सोडू नको." कुणाला आत सोडलं नाही मी. मीच आत गेलो. खराब प्रतींच्या गठ्ठ्यातली सगळ्यात खालची, शाईनं एक कोपरा माखलेली प्रत काढली, घडी करून चड्डीच्या खिशात घातली आणि पुन्हा दारात येऊन उभा राहिलो. तू परत आलीस, पदरानं हात पुसलेस, काम संपवलंस, खराब प्रती मोजल्यास. चौदा. वहीत चौदा लिहिलंस आणि चौदा जाळल्यास. तुझं काहीच चुकलं नव्हतं, आई. पंधरावी माझ्या खिशात होती.

ती मी वर्गातल्या मित्राला दाखवली आणि त्यानं ती ठेवून घेतली. एकट्यानं ते पाप अंगावर घ्यायला मी घाबरलो असेन. परीक्षेत त्याच्या कंपासपेटीत ती सापडली. त्यानं माझं नाव घेतलं नाही. आपल्या चाळीच्या कचऱ्यात मिळाली म्हणाला. बाईंनी शिपाई पाठवला तेव्हा तू सहावीचं इतिहासाचं काम करत होतीस. हँडल होतं तिथेच सोडून, हातही न धुता, तू त्याच्याबरोबर गेलीस. तासाभरानं आलीस ती उंबऱ्यातच बसलीस. बोटांना शाई होती. मला विचारलंस, "चौदाच होत्या ना रे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत. मी बाहेर होतो."

तू वही उघडून चौदाच्या आकड्यावर बोट ठेवलंस. मग म्हणालीस, "मग पंधरा असतील. माझंच मोजायला चुकलं."

काम गेलं. मी शाळा सोडली. पोरं तुझ्यावरून चिडवतात म्हणून सोडली असं तुला वाटलं आणि मी वाटू दिलं. तू साकीनाक्याला एका गाळ्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला जाऊ लागलीस. पहिल्या पगारात माझ्यासाठी रद्दीवाल्याकडून शब्दकोश आणलास, पुठ्ठा निघालेला. "शाळा सोडलीस, शुद्ध लिहायचं सोडू नको." तो मी रोज उघडतो. पण काम जाण्याचं मला तितकं नाही वाटत. लोकांची कामं जातात. त्यानंतर तू मोजायला भिऊ लागलीस, ते मला सहन होत नाही. वाण्यानं दिलेली मोड माझ्या हातावर ठेवायचीस. "तू मोज रे. माझ्या मोजण्यावर भरवसा नाही." भाकऱ्या किती झाल्या, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, सगळं मला विचारायचीस. हजारो प्रती मोजलेली बाई तू. शेवटी काविळीनं इस्पितळात होतीस तेव्हाही नर्सनं दिलेल्या गोळ्या माझ्यापुढे धरल्यास. "तीन आहेत ना? बघ बाबा नीट." तीनच होत्या. मी "तीन आहेत" म्हणालो. त्यापुढचं एक वाक्य तेव्हा बोललो असतो तर तू बरी झाली नसतीस, पण निदान तुला कळलं असतं की तुझं डोकं शाबूत आहे.

आत्ता अडीच वाजले. दोष सापडला. मशीनच्या शाईच्या ड्रमवरचं कापड काढून बघायचं मी सकाळपासून टाळत होतो, कारण ते तू शिवलेलं होतं. शेवटी टाके उसवले. काम संपलं की ड्रमची भोकांची बाजू वर आणि बंद बाजू खाली ठेवायची, नाहीतर शाई उतरून भोकांत बसते, हे तूच शिकवलंस. तू एकदाही विसरली नाहीस. पण त्या दिवशी शिपाई आला आणि मशीन अर्ध्या फेऱ्यात उभं राहिलं. नंतर तू त्याला हात लावला नाहीस, मीच तसं उचलून पातळात गुंडाळलं. चार बोटांच्या पट्ट्यातलं एकेक भोक दगडासारखं बुजलं होतं. रॉकेल, जुना टूथब्रश आणि शिवणाची सुई. तीन तास लागले. नवं कापड घातलं, दहा कागद रद्दीचे फिरवले, अकराव्यावर चौथा आणि पाचवा प्रश्न लख्ख आला. मला रडू आलं. मग हात धुतले आणि पुढचे कागद लावले.

मंगळवार, संध्याकाळचे सहा. पेपर देऊन आलो.

वाक्य मी पाठ केलं होतं. "बाई, ती प्रत मी चोरली होती, आईचं मोजणं बरोबर होतं." रस्ताभर म्हणत गेलो. बाईंच्या खोलीत टेबलावर गठ्ठे ठेवले. त्यांनी एक पान उचललं, खिडकीशी धरलं. "सुरेख. झकास काढलंयस रे." खराब किती झाल्या विचारलं. मी वही पुढे केली. एकतीस, सगळ्या जाळल्या. त्यांनी आकड्याखाली सही केली आणि मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "तुझी आई कामाला वाघ होती हो. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पण मोजदाद हे काही तिचं काम नव्हतं. तू मात्र पक्का आहेस. खरं की नाही?" बोलता बोलता त्यांनी कपाटातून दुसरं पाकीट काढलं. जूनमधल्या चाचण्यांचे पेपर, पाचवी ते दहावी, सगळे विषय. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

मला गप्प बसता आलं असतं, आई. दहा वर्षं बसलोच होतो. पण बाई उत्तराची वाट बघत होत्या. मी पाकीट घेतलं आणि "हो बाई" म्हणालो.