लग्नाच्या कॅसेटवरची गाणी

नांदेड
९ जानेवारी १९९४

चि. आनंदराज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं नोव्हेंबरातलं पत्र पोचलं. पत्र म्हणायचं ते आपलं. साडेचार ओळी आणि त्यात तीन वेळा ‘बॅच’. बारावीला पोरं बसणार आहेत की तू? वेळेवर जेवतोस का, की खडूवरच भागवतोस?

माझं बरं चाललंय. भूकंपातले जखमी होते तोवर मी मागून सर्जिकल वॉर्डात ड्यूटी घेतली होती. आपल्याकडची बोली कानावर पडायची. ते सगळे डिस्चार्ज घेऊन गेले आणि मला बाळंतिणींच्या वॉर्डात टाकलं. तिथं सगळ्या आया. रोज सकाळी जाताना जड होतं.

आता मुद्द्याचं लिहिते. आईचा आपल्याकडे एकही फोटो नाही. घरात जे काही होतं ते तिच्यासकट दगडमातीखाली गेलं. तशीही ती कॅमेरा दिसला की पदर ओढून आत पळायची. एकदाच सापडली, माझ्या लग्नात. शहाऐंशीच्या मे महिन्यात तुझा दोस्त कलीम लातूरहून शूटिंगचा कॅमेरा घेऊन आला होता आणि सगळं गाव नवरा-नवरी सोडून त्याच्याच मागे फिरत होतं. आई हळदीचं ताट घेऊन दारातून बाहेर येत होती, कलीमनं वाट अडवली, ती काहीतरी बोलली आणि हसली. ते लग्न चुलीत जाऊ दे. पण ती कॅसेट तुझ्याकडे आहे. इथं आमच्या पार्वतम्मा सिस्टरकडे व्हीसीआर आहे. एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर येऊन घेईन. आईला एकदा चालताना बघायचंय मला.

तब्येतीला जप. पत्र जरा लांब लिहीत जा, लोभ मोजूनमापून करू नकोस.

तुझी,
महामायाताई

*

लातूर
२ फेब्रुवारी १९९४

ति. ताईस,
आनंदचा सविनय जयभीम, वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. सकाळी साडेपाचला पहिली बॅच असते, रात्री नऊला शेवटची सुटते. निलंग्याहून, शिरूर अनंतपाळहून पोरं येऊन खोल्या करून राहिली आहेत. आईबाप डबे घेऊन एसटीनं येतात आणि फिजिक्सचे सर म्हणून माझ्या पाया पडतात. मला लाजल्यासारखं होतं.

तुला एक गंमत सांगतो. क्लासला मोठा हॉल पाहिजे होता, तो कुठला मिळाला असेल? कलीमच्या व्हिडिओ सेंटरचा! घरोघरी केबल आली आणि त्याचा धंदा बसला. पडदा लागायचा त्या भिंतीवर आता फळा आहे. कधीकधी न्यूटन शिकवता शिकवता मला तिथं धूर दिसतो, निळा उजेड दिसतो, खांद्यात उशा भरलेले ते कोट दिसतात. कलीमचे मोहियोद्दीन चाचा जेद्दाहून कॅसेटी पाठवायचे, आठवतं? नुसती विलायती गाणी, ना आगा ना पिछा. हिरो नाही, व्हिलन नाही, आईचा खून नाही. तीन-चार मिनिटांत एक अख्खं जग उभं राहायचं आणि विझायचं. आणि ती लंडनची गाणारी, आपल्यासारखीच सावळी, पांढऱ्या बुटांवाली! तिच्या त्या उलट्या चालीवर तू नि मी मिळून कलीमची सतरंजी फाडली होती. ते दिवस काही परत येत नाहीत ताई.

कॅसेटचं म्हणशील तर कलीमचं सगळं सामान औशाला त्याच्या बहिणीकडे, कहकशांकडे नेऊन ठेवलंय. पावसानं खोक्यांना बुरशी आली म्हणतात. परीक्षा आटोपल्या की जाऊन बघतो.

तुझा,
आनंद

*

नांदेड
२० मार्च १९९४

आनंदराज,

जयभीम. आशीर्वाद द्यायचं आज हातून होत नाही.

कलीम इथं आला होता, त्याच्या अम्मीच्या, अख्तरीचाचींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. मी दोन दिवस त्यांना घरून डबा दिला. तिसऱ्या दिवशी सहज म्हटलं की औशाच्या खोक्यांमधून माझी कॅसेट तेवढी शोधून दे. त्यानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला की खोकी कसली, ती कॅसेट तर आनंदच्या खोलीवरच आहे, आणि तिच्यावर आता गाणी आहेत. आपाला, म्हणजे मला, माहीत असेल असंच त्याला वाटत होतं. चाचींच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, पण त्यांनी ऐकलं आणि माझा हात धरून ठेवला.

औसा, बुरशी आणि परीक्षा. एका पत्रात तीन खोट्या गोष्टी लिहिल्यास, आणि वर मला नाचाच्या आठवणी सांगून रिझवायला बसलास. इतकी लांबलचक पत्रं तू कधीपासून लिहायला लागलास हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

धरणीनं आईला सप्टेंबरात नेलं. तू तिला त्याच्या आधीच पुसून टाकलं होतंस. पोरांचे आईबाप तुझ्या पाया पडतात ना, त्यांना हे सांग एकदा.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

महामाया

*

लातूर
४ एप्रिल १९९४

ति. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहितोय. खोटं बोललो हे खरं आहे. आईला जाऊन चार महिने झाले होते, आणि तुला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

आता जे झालं ते सगळं लिहितो. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तू नवऱ्याचं घर सोडून आलीस. दोन महिने कुणाशी बोलत नव्हतीस. मी तुला लातूरला आणलं, कलीमच्या सेंटरवर गाणी दाखवली, तेव्हा तू पहिल्यांदा हसलीस. त्याच दिवशी फळीवर तुझ्या लग्नाची कॅसेट दिसली आणि तू म्हणालीस की ती जाळ, नाहीतर तिच्यावर ही गाणी भर, त्या माणसाचं तोंड जगात कुठं राहायला नको. ताई, हे तू म्हणालीस. हे लिहून मला सुटायचं नाही, पण तू विसरली आहेस म्हणून लिहितोय.

चाचांची गाण्यांची कॅसेट ज्याच्याबरोबर आली होती, त्याला ती दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती आणि कोरी कॅसेट मिळायची मारामार. लग्नाच्या कॅसेटची मागची प्लास्टिकची पट्टी कलीमनं स्वतःच मोडली होती, म्हणजे तिच्यावर कुणाला दुसरं काही भरता येऊ नये. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि पुन्हा भरू देतं. ती चिकटपट्टी मी लावली. तू तेव्हा बाहेर चहा प्यायला गेली होतीस.

भरायच्या आधी आम्ही कॅसेट चालवून पाहिली. सुरुवातीलाच हळद होती. आई ताट घेऊन दारात आली. काय बोलली ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. ती कलीमला म्हणाली, “माझं काय काढतूस बाबा, माझ्या पोरीचं काढ.” मग हसली. कलीम म्हणाला की एवढं राहू दे, हळद झाल्यावर पुढं भरू. मी हिशेब केला, तर शेवटचं गाणं अर्ध्यात तुटत होतं. ते पांढऱ्या बुटांवालीचं होतं. आई काय, चार दिवसांनी गावाकडे गेलो की दिसणारच होती. मी कॅसेट पहिल्यापासून भरायला लावली.

तू जाळ म्हणालीस ते त्या माणसाला. आईला मी पुसलं. तुझं पत्र खरं आहे.

कॅसेट सोबत पाठवतोय. तिच्यावर लग्नाचं काहीही उरलेलं नाही, शेवटपर्यंत बघितलंय. ती माझ्याजवळ नको आणि फेकवतही नाही.

तुझा अपराधी,
आनंद

*

नांदेड
११ जून १९९४

चि. आनंदराज यास,
ताईचे आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

दोन महिने तुझं पत्र उशीखाली ठेवलं. मी तसं म्हणाले होते. तू लिहिल्यावर आठवलं, आणि मग इतकं आठवलं की ड्यूटीवर एकाच बाईचं इंजेक्शन दोनदा भरून घेतलं. त्या माणसाचा एवढा राग आला होता की त्या लग्नात मला दुसरं कुणी दिसतच नव्हतं.

तुला माफ केलं असं लिहायला तीन वेळा बसले, जमलं नाही. स्वतःलाही नाही केलं. तूर्त हे असंच राहू दे.

गेल्या रविवारी पार्वतम्माकडे कॅसेट लावली. काही नाही हे माहीत असून लावली. चित्र हलत होतं, रंग उडालेत. पण वाजायला लागलं मात्र, आणि माझे पाय जागच्या जागी चालायला लागले. पार्वतम्मा हसली, म्हणाली की सिस्टर, तुम्हाला तर सगळं येतंय. हो, सगळं येतंय. कोण कुठून येणार, धूर कधी सुटणार, ती कधी वळणार. एवढा आनंद झाला आणि लगेच स्वतःची एवढी किळस आली की निम्म्यात बंद केली.

घरी येऊन डोळे मिटून बसले. म्हटलं, आता आईला आठवायचं, तसंच, पहिल्यापासून. कपाळावरचं गोंदण आठवलं. पिकलेले केस आठवले. “माझ्या पोरीचं काढ” हे तू लिहिलंस म्हणून ऐकू आलं, पण आवाज माझाच होता. नाकातली चमकी आठवली. पण ती डावीकडे होती की उजवीकडे, हे काही केल्या आठवेना. चार वर्षं तुझ्या आधीची आहे मी, तिच्याच हाताखाली वाढले, आणि एवढं सांगता येऊ नये?

तुला आठवत असेल तर कळव. नसेल तर केवळामावशीला विचार, ती पत्र्याच्या शेडमध्येच आहे ना अजून? बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढं मात्र लिही.

तुझी,
ताई

*

लातूर
३ जुलै १९९४

ति. ताईस,
आनंदचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी मनात लगेच ‘डावीकडे’ म्हणालो. मलाही ती चमकी स्वच्छ दिसत होती. तरी एकदा चूक केली होती, म्हणून दोन बॅच सोडून काल औशामार्गे गावाकडे गेलो.

केवळामावशी शेडच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. पत्रे तापलेले, आत बसवत नव्हतं. आधी तिनं तुझी चौकशी केली, पोरगी एकटी राहती, जेवती का म्हणाली. मग मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. दोनदा सांगावं लागलं. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

म्हणाली, “कसली चमकी रं? तुज्या मायचं नाक कधी टोचलंच न्हवतं. ल्हानपणी टोचाया बसविली तर हाताला चावून पळाली, ती सांजंलाच घरी आली. मंग कुणी नाव काडलं न्हाई. लेकरं ना तुमी तिची?”

तिनं पाणी दिलं, ते प्यायलो आणि परत आलो.

एसटीत सगळा वेळ विचार करत होतो. खाली उतरेपर्यंत मला कळलं होतं. ती चमकी पांढऱ्या बुटांवालीच्या नाकात होती, ताई. डावीकडे.

आहे तेवढा जीव माझ्यावर राहू दे.

तुझा,
आनंद