बाळाचं नाक आज कोरडं राहिलं

ताडकळस, माघातला बुधवार, १९५५

आज पहिल्यांदा बाळाच्या नाकातून दूध आलं नाही. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर.

वीस दिवसांचा झाला. जन्मतःच वरचा ओठ दुभंगलेला, टाळूलाही फट. अंगावर ओढता येत नाही, चमच्यानं पाजलं की दूध नाकातून बाहेर. सासूबाईंचं एकच, "ग्रहणात विळीवर बसलीस." बसले होते का मी? आठवून आठवून डोकं शिणलं. बारसंही त्यांनी करू दिलं नाही. जगायचा नाही त्याला नाव कशाला, असं बोलल्या नाहीत, पण मनात तेच.

आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला आलेली धुरपाबाई आज ताक मागायला आली. मला पाजताना पाहून म्हणाली, "आडवं कशाला पाजायलाव? उभं धरा." तिनं त्याला उभा धरला, कापसाची वात दुधात बुडवून गालाच्या कडेला थेंब थेंब पिळली. पोटभर प्यायला! नाक कोरडं. मी दोनदा बोट लावून पाहिलं.

सासूबाईंनी ग्रहणाचं काढलंच. तर ही म्हणते, "मेंढीनं कवा विळी धरली, माय? तिला बी असलं कोकरू होतंय. आमी असंच जगिवतो."

तिच्या हाताचा मेंढरांचा वास बाळाच्या गालाला अजून आहे. मी पुसला नाही.

लुगडं देऊ केलं, घेतलं नाही. "बारशाच्या घुगऱ्या द्या," म्हणाली.

आत्ता दिवा लावायला स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाईंनी हरभरे भिजत घातलेत.