साठातले पंचवीस

प्रिय अप्पा,

दोन हृदयं, चार झडपा, सागवानी चौकट, पाण्याची टाकी. मापाच्या काचनळ्या तेवढ्या विकत आणल्या. बाकी सगळं या हातांनी केलं. रबर आपल्याच पंक्चरच्या दुकानातलं, सायकलच्या ट्यूबांचं. काल दोन्ही हृदयं बरोबर मापात चालली, म्हणून लिहितोय. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला?

पहिलं निरोगी. एकशेवीस मिलिलिटर पाणी भरतं, सत्तर बाहेर टाकतं, पन्नास आतच राहतं. एकशेचाळीस भरलं की आपणहून पंच्याऐंशी टाकतं. मी बोटसुद्धा लावत नाही! जास्त भरलं की जास्त ताणतं, ताणलं की जोरात आवळतं. खरं हृदयही असंच वागतं.

हे तर तुम्हीच शिकवलं होतं की! ट्यूबची पट्टी कानाजवळ ताणून सोडायचात. "ताणलं की जोर करतंय. पर लई ताणलं की मरतंय बघ, मल्लू."

दुसरं हृदय तुमचं आहे. ताणून ताणून सैल झालेलं. दोनशे भरतं, पन्नासच टाकतं, म्हणजे शंभरातले पंचवीस.

आठवतं? डॉक्टर म्हणाले, "हृदय मोठं झालंय. पंपिंग पंचवीस टक्के." तुम्ही म्हणालात, "पासाला पस्तीस लागत्यात. मी नापासच की!" सगळे हसलो. पण त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही दुकानाचं शटर उघडलं नाहीत.

शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस तुम्ही, आणि मार्कांवरून खचलात? अहो, शंभर कुणाचेच नसतात! धडधाकट माणसाचेही साठाच्या आसपास. तुमचे पंचवीस साठातले होते, अप्पा. तेवढ्यावर तुम्ही नातीच्या सायकलचं वाकडं चाक खाटेवर बसून सरळ केलंत, तार न् तार आवळून. नापास माणसाचं काम होतं ते?

काल शेजारचे रफिकभाई बघायला आले. त्यांच्या हृदयाचे तीस टक्के. साठाचा हिशेब मी त्यांना सांगितला. दोन्ही नळ्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मतलब साठातले तीस? मंग निम्मं हाय की आपल्याजवळ!" आणि चहा मागितला.

जुळे सोलापुरातल्या एका क्लासवाल्या सरांना हे यंत्र हवं होतं. "चांगलं तेवढं द्या, ते सैल काढून टाका. बिघडलेलं कशाला दाखवायचं?"

शब्द देतो अप्पा, हे जिथं जाईल तिथं दोन्ही हृदयं शेजारी-शेजारी चालतील. सरांना नाही म्हणून सांगितलं.

ऐंशी हजार देत होते.

तुमचा,
मल्लू