अणूंचं चित्र आणि भट्टीवाल्याचा जबडा

तळहाताएवढं एक चित्र. त्याची खरी किंमत अशी: माझा धाकटा भाऊ, भट्टीवाल्याचे चार दात, त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं आणि त्याची सात वर्षांची अब्रू. चित्र माझ्या तिजोरीत, खालच्या कप्प्यात आहे.

मी, या कारखान्याचा मालक, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण आणणाऱ्यांची हाडं मी हयातभर मोडत आलो.

१. राहतं घर मुलाला.

२. मेहुण्याला माझी फिरती खुर्ची. तिच्यावर त्याचा फार दिवस डोळा आहे. ती मागे कलंडते, हे त्याला कोणी सांगू नये.

३. कारखाना, भट्ट्या, हातोडे, सगळं भट्टीवाल्याला. मुलानं कोर्टात धावण्याआधी पुढचं वाचावं.

मी इथे झाडू मारायला आलो आणि मालक झालो तो कानांच्या जोरावर. धातू ठोकला की शिजलाय की कच्चा ते मला कळतं, चाळीस वर्षांत कान चुकला नाही, असं मी आल्यागेल्याला ऐकवत असे. सात वर्षांपूर्वी एका वेगात फिरणाऱ्या यंत्रासाठी केलेल्या निकेल-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूच्या चकतीला भट्टीत साठ तास हवे होते. तेवढ्या वेळात आतले अणू सरकत सरकत आपापल्या जागी रांगेत बसतात, तेव्हा कुठे चकती दम धरते. छत्तिसाव्या तासाला मी ती बाहेर काढायला लावली, गार केली आणि ठोकली.

"साहेब, अजून एक दिवस राहू द्या," भट्टीवाला म्हणाला.

"वाजतेय बघ घंटेसारखी. मला शिकवतोस?"

चकती गरगर फिरवून तपासायच्या चाचणीच्या खड्ड्याशी भाऊ उभा होता. पूर्ण वेगात चकती फुटली. एक तुकडा पोलादी झाकण फाडून, त्याच्या छातीतून आरपार जाऊन भिंतीत रुतला. मी भट्टीची सांडशी उचलली. "तूच कच्ची काढलीस!" असं ओरडत मी भट्टीवाल्याला सगळ्यांदेखत हाणलं. त्याने तोंडावर हात धरला म्हणून बोटंही गेली. 'यंत्रात हात आला' असं मीच त्याच्याकडून लिहून घेतलं आणि त्याला हाकललं.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतली बाई आली. फुटलेल्या तुकड्याचा केसाहून कितीतरी पातळ काप तिने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. चित्रात मॉलिब्डेनमचे अणू उजळ, निकेलचे मंद.

"चार मंद ठिपक्यांमागे एक उजळ, तोही ठरल्या जागी हवा," ती म्हणाली. "हे बघा, शाळा सुटल्यासारखे पांगलेत. यांना बसायला वेळच दिला नाही कुणी."

मुलगा म्हणाला, "बाबा, गप्प बसा. काका थोडेच परत येणारेत?" मी बसलो, सात वर्षं.

४. हे चित्र सगळ्या कामगारांसमोर माझ्या भावजयीच्या हाती द्यावं. भट्टीवाला दिसला की ती अजून थुंकते. तिला सांगावं, तो एक दिवस मागत होता, मी दिला नाही. मग तिने माझ्या फोटोवर थुंकावं. कोणी पुसू नये.

५. सांडशी भट्टीवाल्याला. माझ्या प्रेतावर चालवावीशी वाटली तरी मुलानं आडवं येऊ नये.

स्थळ: कारखान्याचं ऑफिस. दिनांक: ४ मार्च २०१९.
सही: मालक.
साक्षीदार: १. कारखान्याचा जुना कारकून (सही). २. प्रयोगशाळेतली बाई (सही).

दुसरी साक्षीदार पुढचं लिहिल्याशिवाय सही करेना, म्हणून जोडतो: आज तिने कच्च्या-पक्क्या मिळून वीस चकत्या माझ्या पाठीमागे वाजवल्या. मी नऊ बरोबर ओळखल्या.