हिरव्या माशाची शेपटी

अहो,

मी ताईकडे जातेय, संध्याकाळी येईन. जेवण झाकून ठेवलंय.

डॉक्टरांनी दम्यामुळे प्लॅस्टिक वितळवायला मनाई केल्यापासून गळाला लावायचे ते मऊ खोटे मासे ओतलेच नाहीत म्हणता ना? मग धुवायच्या शर्टाच्या खिशात हा हिरवा मासा कुठून आला? जुना आहे म्हणू नका. सोमवारी तुमचा साचा माळ्यावर लपवताना माझ्याच हातून पडला आणि शेपटीपाशी टवका उडाला. या माशाच्या शेपटीवर नेमका तिथेच फुगवटा आहे. आणि सकाळच्या खोकल्याला म्हणे धूळ कारण!

मी घरी नाही म्हणजे आज पुन्हा ओतणारच तुम्ही. निदान खिडकी तरी उघडा. दम्याचा पंप शेगडीपाशीच ठेवलाय.