आकडा सामान्य आला

चि. शौनक,

तुझ्या बहिणीला ठेवलंय त्या रुग्णालयाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. पाटीवर 'अतीदक्षता विभाग' लिहिलंय. दक्षतेच्या भरात 'ति'सुद्धा दीर्घ केली! नर्सबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, "काका, आधी दारातून बाजूला व्हा."

दम्यामुळे तुझ्या उत्तराताईला अजून एक वाक्य पुरं बोलवत नाही. मनगटातल्या धमनीचं रक्त तपासतात, त्यात काल कार्बन डायऑक्साइड कमी होता. आज सकाळी तो अगदी सामान्य आला. त्या तपासणीतले आम्ल, क्षार हे तर आम्हा मराठीच्या मास्तरांचेच शब्द, मी डॉक्टरांची वाट न पाहता अर्थ लावला आणि तुला फोन केला, "सुधारली. नागपूरहून धावत येऊ नकोस." तू तिकीट रद्द केलंस.

दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, इतकी धाप असताना हा आकडा कमीच हवा. तो वाढून सामान्य झाला, म्हणजे त्या श्वास घेऊन घेऊन दमल्यात. व्हेंटिलेटर लावावा लागेल कदाचित."

संदर्भ सोडून शब्दाचा अर्थ लावू नये, हे मी तीस वर्षं पोरांना बजावतोय.

हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही, तुला आत्ताच फोन करायला हवा. पण तू विचारशील, "भाऊजी, ताई वाचेल ना?" मला माहीत नाही, शौनक. तू पोचेपर्यंत फार उशीर झालेला असेल, आणि तो माझ्यामुळे, याची मला भीती वाटते.

तुझा,
अनिरुद्ध