वानर, आणि त्याला धरणारा माणूस

प्रिय तिर्सा,

मी जिवंत आहे, धडधाकट आहे आणि मला घरी यायचंय. हे मी बोलतोय आणि राजाचा लेखनिक लिहून घेतोय. तुला ते माखीरकाकाच वाचून दाखवत असणार, कारण गावात अक्षर कळणारे तेवढेच एक. एरवी ते दोन ओळी पत्रातल्या वाचतात आणि चार मनाच्या घालतात. पण ह्या पत्रावर निनवेच्या राजाची मोहोर आहे, म्हणजे ते वेशीत, सगळ्यांसमोर, एक अक्षर न गाळता वाचावं लागतं. हे पत्र घेऊन आलेला राजाचा जासूद शेजारीच उभा आहे, त्यालाही वाचता येतं. तेव्हा काका, घसा साफ करून घ्या.

लोकरीचा व्यापारी इथे आला होता, त्याच्याकडून कळलं की काकांनी गावात भलतंच सांगितलंय. म्हणे राजाने इद्दोचा हात धरून 'जाऊ नकोस' म्हटलं, आणि इद्दो जांभळा झगा घालून मजेत राहिला, पोरीचं लग्नसुद्धा विसरला. हे ऐकून तू माझं अंथरूण बकऱ्यांना घातलंस म्हणे. शाब्बास! अगं बाई, द्राक्षं उतरली की कसीयाचं लग्न आहे, तिचा हात मी जावयाच्या हातात द्यायचा आहे, हे मी विसरेन? कुणाचंही काय ऐकतेस!

खरं काय झालं ते ऐक. दरवर्षीसारखी मध, बदाम, डिंक आणि मेंढरं अशी खंडणी घेऊन आम्ही निघालो होतो, काका आमचे म्होरके. वाटेत काकांच्या कानावर आलं की आपले शेजारी अम्मोनी लोक ह्या वर्षी राजाला मोर देणार आहेत. झालं! काकांच्या अंगाची लाहीलाही. आपण काय मेंढरंच हाकत बसायचं? त्यांनी सोर बंदराच्या एका व्यापाऱ्याकडून वानर घेतलं. त्या वानराने पहिल्याच मुक्कामाला काकांची दाढी धरून असा हिसका दिला की हनुवटीवर अजून टक्कल असेल, बघ. गावात त्यांनी ते काट्याकुट्यांवर ढकललं असेल. मग ते वानर कुणाकडेच जाईना, माझ्या मानगुटीवरून उतरेना. माझ्यातच त्याला काय दिसलं, देव जाणे. तू म्हणशील, नातं दिसलं असेल. म्हण, म्हण.

दरबारात आम्ही सगळे राजापुढे पालथे पडलो, नाक फरशीला लावून. मी वाकलो तसं वानर माझ्या पाठीवर उभं राहिलं आणि राजाकडे टक लावून बदाम फोडू लागलं. पण राजा हसला, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तिथेच भागलं असतं. पण काका उठले आणि आपल्या रीतीप्रमाणे हात पसरून म्हणाले, "महाराज, हे वानर आपलं, त्याला धरणारा माणूसही आपलाच!" आता आपल्या गिलादात असं म्हटलं की समोरचा म्हणतो, "छे छे, असं कसं?" आपण म्हणतो "घ्याच," तो म्हणतो "नाही म्हणजे नाही," आणि जो तो आपापलं घेऊन घरी जातो. मी स्वतः शेजाऱ्याला किती वेळा आपलं शेत देऊन बसलोय! पण ह्या निनवेकरांना ही रीतच ठाऊक नाही. राजा म्हणाला, "बरं." बस्स, एवढंच! काका 'छे छे'ची वाट बघत हात पसरून तसेच उभे. मी खालून कुजबुजतोय, "काका, अहो बोला ना काहीतरी!" तर म्हणतात, "आता मागे घेतलं तर वाईट दिसेल रे."

वाईट दिसेल म्हणे! तेव्हापासून मी राजाच्या बागेत वानर सांभाळतोय. जेवण झकास आहे, खोटं कशाला बोलू. जांभळा झगाही आहे, पण तसा वानरालाही आहे आणि त्याचा जास्त चांगला बसतो. लोक भिंतीवरून डोकावून विचारतात, "ह्यातला गिलादचा कुठला?" ह्यावर मीही हसायचो. पण बागेतली द्राक्षं रंग धरू लागली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी कारभाऱ्याचे पाय धरले. तो म्हणाला, "राजाला दिलेलं परत जात नाही." मग मी रडलो, तिर्सा. सगळ्या माळ्यांसमोर, हमसून हमसून. लेकीचा हात कुणी परका माणूस जावयाच्या हातात देतोय, हेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. कारभारी भला माणूस, त्यालाही मुली आहेत. माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "परत जात नाही, पण बदलून मिळतं. माणसाच्या जागी माणूस. फक्त पहिल्यापेक्षा मोठा हवा."

म्हणूनच हे पत्र. तुमच्या गावात तुझ्यापेक्षा मोठा कोण, असं त्याने विचारलं आणि मला एकच नाव सुचलं. काका, थांबू नका, वाचा. जासुदाने सोबत जे रिकामं खेचर आणलंय ना, ते तुमच्यासाठी. राजाची तशी आज्ञाच आहे. पुढच्या खंडणीपर्यंतच राहायचंय, मग गाव तुम्हाला सोडवून नेईल, मी स्वतः खटपट करीन. वानराला बदाम सोलून द्या आणि दाढी जपा. तुम्ही इथे पोचलात की मी सुटलो, तेव्हा कृपा करून खेचर जरा दामटा. तिर्सा, काकांना पाणी दे आणि लगेच वाटेला लाव. मला तुझी फार आठवण येते गं, तुझ्या शिव्यांचीसुद्धा. कसीयाला सांग, बाप येतोय. लग्न द्राक्षं उतरल्यावर आहे ना? मग उतरवूच नका.

शिव्या खायला आतुर असलेला,
तुझाच,
इद्दो